अर्धवट सोडलेला शब्द

सकाळची भांडी आवरून, सासूबाईंच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला देऊन बारकी घराबाहेर पडली तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. पहिल्याच दिवशी उशीर होता कामा नये. बाकी भीतीबिती काही नव्हती. असायचं कारणच नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची आणि संध्याकाळी त्याची मुलगी घरी आली की परत यायचं, एवढंच तर काम.

बारकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी काडीसारखी होती म्हणून पडलं, आणि चाळिशी आली तरी अंगाला मांस म्हणून लागलं नाही, तेव्हा तेच टिकलं. ती ज्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची तो बंद पडला आणि तिने रुग्णांची देखभाल शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. तिथल्या मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "पेशंटची कूस तुम्ही बदलणार, की पेशंट तुमची?" वर्ग खो खो हसला. बारकीही हसली. आणि त्याच दिवशी तिने वर्गातल्या सगळ्यात थोराड बाईला नुसत्या चादरीच्या घडीवर धरून या कुशीवरून त्या कुशीवर वळवून दाखवलं. मॅडमनी पुन्हा तिला कधी चिडवलं नाही.

कष्टाचं काही वाटत नव्हतं. घोडं अडायचं ते शब्दांपाशी. डॉक्टर, सिस्टर ज्या भाषेत बोलतात ते शब्द मदतनिसाला कळलेच पाहिजेत, असा मॅडमचा नियम होता. परीक्षाही त्याचीच, आणि ती अजून व्हायची होती. बारकीची शाळा आठवीत सुटलेली. हे शब्द तिच्या तोंडात खड्यांसारखे वाजायचे. मग एक दिवस तिला युक्ती सापडली. शब्द म्हणजे शिवलेला सदरा. उसवला की तुकडे सुटे होतात आणि कुठे काय जोडलंय ते दिसतं. डिस् म्हणजे त्रास. टॅकि म्हणजे भराभर, ब्रॅडि म्हणजे संथ. मागे कार्डिया जोडलं की हृदयाचं, प्निया जोडलं की श्वासाचं. तेव्हापासून ती हाताला काम आणि तोंडाला शब्द अशीच दिवस काढायची.

घर जिन्याच्या अगदी टोकाला होतं. दार उघडलं ते मुलीनेच. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून बारकीही ताईच म्हणू लागली. ताई कचेरीत जायच्या घाईत होती. एका हाताने केस बांधत तिने खोली दाखवली. भिंतीला लागून पलंग, पायथ्याशी लोखंडी कपाट, आणि पलीकडे काचा लावून बंद केलेली छोटी गच्ची. खोली आणि गच्ची यांच्यामध्ये एक जाड, करडा पडदा. त्यामागे बादल्या, चाकाची खुर्ची, जुन्या गाद्या असलं सामान. खोलीला स्पिरिटचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास होता.

"अप्पांना झटका आल्यापासून उजवी बाजू गेली," ताई म्हणाली. "बोलणंही गेलं. एकच शब्द उरलाय. नको. पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. तुम्ही मावशी, डोळ्यांकडे बघत जा. डोळे खरं सांगतात."

अप्पा पलंगावर टेकून बसले होते. खांदे अजून रुंद. तरुणपणी ते तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायचे, असं ताईने सांगितलं. शेकडो पोरांना त्यांनी पाण्यात लोटलं होतं आणि तितक्याच वेळा बाहेर ओढलं होतं.

"आधी कोण होतं?" बारकीने विचारलं.

"दोघी येऊन गेल्या. एक म्हणाली, लांब पडतं. दुसरी काही बोललीच नाही. चपला टाकून गेली." ताईने पिशवी खांद्याला लावली. दारात जरा घुटमळली. "दुपारी रेडिओ लावून ठेवत जा. घर फार शांत होतं."

बारकीने रेडिओ लावला नाही. रेडिओ लागला की तिचं पाठांतर चुकायचं.

*

पहिल्या दुपारी अप्पांचं अंग पुसून झालं. ती कोमट पाण्यात फडकं पिळत होती आणि पुटपुटत होती.

"डिस्प्निया म्हणजे धाप लागणं. डिसयुरिया म्हणजे लघवीला जळजळ. डिस्फेजिया म्हणजे… डिस्फेजिया म्हणजे…"

"गिळायला त्रास."

"हां, गिळायला त्रास," बारकी म्हणाली, आणि पुढचं फडकं उचललं.

मग तिचा हात थांबला. फडक्यातून पाणी टपटप बादलीत पडत राहिलं.

आवाज बाईचा होता. मोठा नाही, दबलेलाही नाही. दिवसभर पायांवर उभं राहून दमलेल्या माणसाचा असतो तसा, आणि शंभरदा सांगून झालेलं पुन्हा सांगणारा. तो पडद्याच्या बाजूने आला होता. ताई परत आली असेल म्हणून बारकीने बाहेरच्या खोलीत डोकावलं. दाराला आतून कडी होती. तिने पडदा सारला. बादल्या, गाद्या, चाकाची रिकामी खुर्ची. काचांमधून दुपारचं पांढरं ऊन आत पडलं होतं आणि धुळीवर कुणाच्या पावलाची खूण नव्हती.

वळून बघते तो अप्पांचे डोळे सताड उघडे. ते बारकीकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते.

"नको," अप्पा म्हणाले.

खालच्या मजल्यावरून कुणाचं तरी बोलणं वर आलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात माणूस आणखी काय समजणार? त्याच संध्याकाळी सूप भरवताना अप्पांना ठसका लागला. साधा ठसका नव्हे. घास खाली उतरेना, डोळ्यांत पाणी आलं, ओठ निळसर झाले. बारकीने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोट घालून घास काढला. अप्पांनी मोठा श्वास घेतला. हातांनी चूक केली नव्हती, याचं तिला बरं वाटलं. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं काही तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'इडिमा'वर गाडी अडली. पडद्यामागून आवाज आला, "सूज." पुढच्या सकाळी अप्पांचे पाय घोट्यांपाशी एवढे फुगले होते की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. ताईने डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं.

खरं सांगायचं तर बारकी एव्हाना त्या आवाजाला थोडी सरावली होती. अंगावर काटा यायचा, नाही असं नाही. पण आवाज सांगायचा ते अगदी बरोबर असायचं. तो मॅडमसारखा ओरडायचा नाही, हसायचा नाही. पाठ करताना कुणी पुढचं सांगितलं तर कुणाला वाईट वाटतं? एकदा तर ती मुद्दाम अडली. येत होतं तरी अडली.

"एपिस्टॅक्सिस म्हणजे…"

पडद्याच्या घडीत काहीतरी हललं. वारा नव्हता.

"घोळणा फुटणं," आवाज म्हणाला. या वेळी तो पडद्यामागून आला नव्हता. अलीकडून आला होता.

"नको," अप्पा म्हणाले. "नको, नको, नको…"

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या नाकातून रक्ताची धार लागली. काही लागलं नव्हतं, काही दुखावलं नव्हतं. बारकीने त्यांना पुढे झुकवून नाक चिमटीत धरलं, बर्फ लावला. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं. मग ती मोरीत जाऊन उशीचा अभ्रा गार पाण्यात धुवायला बसली. पाणी गुलाबी होऊन वाहू लागलं, आणि त्या पाण्याकडे बघता बघता तिला ते सगळं एकदम दिसलं. गिळणं. सूज. घोळणा. जो शब्द ती अर्धवट सोडायची तो हा आवाज पुरा करायचा. आणि जो आवाजाने पुरा केला, तो अप्पांच्या अंगावर उतरायचा.

अप्पांना हे आधीपासून ठाऊक होतं. ते नको म्हणत होते ते पाण्याला नव्हे, घासालाही नव्हे.

बारकीने अभ्रा तसाच टाकला, हात पदराला पुसले आणि चपला घातल्या. कडी काढली. जिना समोर होता. खालून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज येत होता. किती साधा आवाज! आधीची बाई चपला टाकून का पळाली ते तिला त्या क्षणी नीट कळलं. आपण निदान चपला तरी घातल्यात, असं मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. रडूही आलं.

आत पलंगाची दांडी खडखडली. अप्पा डाव्या हाताने ती धरून उठायचा प्रयत्न करत होते. नको म्हणत नव्हते. काहीच म्हणत नव्हते. दाराकडे बघत होते, बस.

मी गेले तर उद्या तिसरी येईल, बारकीच्या मनात आलं. तिलाही शब्द पाठ करायचे असतील. तीही कुठेतरी अडेल.

तिने कडी लावली, चपला काढल्या.

"जात नाही मी," ती म्हणाली. "पडून राहा गप. घाबरवू नका उगाच."

*

संध्याकाळी ताई आली तेव्हा बारकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तुमच्या घरात कुणी नर्स होतं का हो? आई वगैरे?"

ताई चहाचं आधण ठेवत होती. तिची पाठ बारकीकडे होती. "आई? आईला बोट कापलं तरी चक्कर यायची." मग आधणात साखर टाकत, "पहिल्या मावशींनीही हेच विचारलं होतं," ती म्हणाली, आणि रेडिओ लावला.

रात्रीच्या वर्गात बारकीने मॅडमना गाठलं. "मॅडम, एखादा शब्द अर्धवट सोडला तर काय होतं?"

"नापास होता," मॅडम म्हणाल्या.

एवढं तर तिलाही माहीत होतं. त्या दिवसापासून तिने ठरवलं. शब्द सोडायचा नाही. एकही नाही. वर्गात मिळालेली पानं तिने सासूबाईंपुढे टाकली. सासूबाईंना अक्षरं जेमतेम लावता यायची, पण हट्ट सुनेपेक्षा काकणभर जास्तच. भाजी निवडता निवडता त्या एकेक शब्द टोचून टोचून वाचायच्या.

"हा-य-पर… टेन… हे काय गं?"

"हायपरटेन्शन. रक्तदाब वाढणं."

"आणि हे हायपो?"

"कमी होणं."

सासूबाईंनी मान झटकली. "एक जास्त, एक कमी, आणि बोलायला दोन्ही सारखेच! कुणी ठरवलं हे? एका अक्षराने माणूस जायचा एखाद्याचा."

"म्हणूनच विचारा, आई. पुन्हा विचारा. उलटसुलट विचारा."

"अगं बारके, परीक्षेचं एवढं काय मनावर घेतेस? तोंड बघ केवढंसं झालंय."

"परीक्षेचं नाही," बारकी म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं, सुरी बाजूला ठेवली आणि पान पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ताईच्या घरी आता ती तोंडातून शब्द काढत नव्हती. मुकाट्याने काम करायची. त्यामुळे आवाज बंद होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. तिने विचारायचं सोडलं तर आवाजच विचारू लागला.

ती अप्पांची नखं कापत होती. कानाच्या मागून, अगदी जवळून, शब्द आला.

"ब्रॅडिकार्डिया."

बारकीच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिने वळून बघितलं नाही. उसव, तिने स्वतःला सांगितलं. ब्रॅडि संथ, कार्डिया हृदय.

"हृदयाचे ठोके संथ पडणं," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

अप्पांचा हात तिच्या हातात होता. त्यांची नाडी ठीक चालली होती. ती दिवसभर पुन्हा पुन्हा बघत राहिली. काही झालं नाही.

म्हणजे असं होतं तर. आपण पुरा केलेला शब्द त्या बाईच्या हाताला लागत नाही.

त्यानंतर रोज दुपारी तेच. कधी पडद्यापाशी, कधी कपाटाच्या आड, कधी पलंगाखालून. "हेमिप्लेजिया." अर्धं अंग लुळं पडणं. "सायनोसिस." अंग निळं पडणं. "पायरेक्सिया." ताप. बारकी उत्तर द्यायची आणि हातातलं काम सोडायची नाही. ताप म्हटलं की कपाळाला हात लावून बघायची. निळं म्हटलं की ओठ, नखं बघायची. अप्पा आता नको म्हणत नसत. आवाज आला की ते बारकीच्या तोंडाकडे बघत, आणि तिने बरोबर सांगितलं की डोळे मिटून घेत. तलावाच्या काठावर उभं राहून एखाद्या पोराचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत बघत राहावं, तसं ते बघणं होतं.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच हवा कोंदट होती. दुपारी धुळीचं वादळ उठलं. बाहेरचं सगळं पिवळं, गढूळ होऊन गेलं. ताईने फोनवर सांगितलं म्हणून बारकीने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला. खोलीत अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता. डोळ्यांवर मळकं फडकं बांधल्यासारखं दिसत होतं. स्पिरिटचा वास एकाएकी इतका वाढला की तिने बाटलीचं झाकण तपासलं. झाकण घट्ट होतं.

अप्पांना सकाळपासून कणकण होती. छाती भरलेली वाटत होती. ताई डॉक्टरांना आणायला कचेरीतून लवकर निघणार होती.

"टॅकिप्निया," आवाज म्हणाला.

तो अप्पांच्या उशाशी होता. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे हातसुद्धा जाणार नाही एवढ्या फटीत.

"श्वास भराभर चालणं," बारकी म्हणाली आणि अप्पांच्या पाठीमागे उश्या रचून त्यांना वर बसवू लागली.

"ऑर्थोप्निया."

"आडवं पडलं की धाप लागणं. म्हणूनच बसवतेय त्यांना. गप्प बस."

पहिल्यांदाच ती शब्दांखेरीज त्या आवाजाशी काही बोलली होती. पडदा आत ओढल्यासारखा झाला, जणू कुणीतरी पलीकडून श्वास घेतला.

मग आवाज सावकाश म्हणाला, "चेन-स्टोक्स."

बारकीने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

चेन. स्टोक्स. तिने शब्द उसवायला घेतला. तो उसवेना. पुढचा तुकडा ओळखीचा नाही, मागचाही नाही. पानांवर कधी दिसला नव्हता, सासूबाईंनी कधी विचारला नव्हता. त्याला शिवणच नव्हती. कुणाच्या तरी नावासारखा तो सबंध, गुळगुळीत शब्द होता.

"चेन-स्टोक्स म्हणजे…" ती म्हणाली, आणि जीभ चावली. कारण ती अडली होती, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

फटीत कुणीतरी बोलण्यासाठी ओठ विलग करावेत तसा बारीक, ओला आवाज झाला.

"थांब!" बारकी ओरडली. "अडले नाही मी! सांगतेय!"

काय सांगणार होती ती? तिने अप्पांकडे बघितलं. आणि बघताना तिच्या लक्षात आलं की शब्दाआधीच ते अप्पांच्या छातीत सुरू झालं होतं. अर्थ पानावर नसेना का. तो समोर पलंगावर होता. डोळ्यांकडे बघत जा, ताई म्हणाली होती. बारकीने छातीकडे बघितलं.

"श्वास… श्वास आधी बारीक," ती म्हणाली. "मग मोठा. आणखी मोठा. धाप लागल्यासारखा. आता… आता उतरतोय. लहान. आणखी लहान."

छाती हलायची थांबली.

"मग थांबतो," बारकी म्हणाली. "श्वास थांबतो. आणि… आणि पुन्हा सुरू होतो."

छाती हलत नव्हती.

"पुन्हा सुरू होतो!" ती फटीकडे बघत म्हणाली. "हाच अर्थ आहे. थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. अर्धाच शब्द घेऊन जायचा नाही. मी पुरा सांगितलाय!"

एका हाताने तिने अप्पांचा जबडा वर उचलून धरला, दुसऱ्या हाताने तोंडातली लाळ पुसून काढली. फोन बाहेरच्या खोलीत होता. एक पाऊल मागे सरली तर मान कलायची, जीभ मागे जायची. तिने पायाने पलंगाजवळचं स्टूल जमिनीवर आपटायला सुरुवात केली. खाली कुणीतरी ऐकेल. कुणीतरी वर येईल.

"अप्पा, तोंड वर! पाण्याबाहेर या! श्वास घ्या!" हे शब्द कुठून आले तिला कळलं नाही. तलावाच्या काठावरून मास्तर ओरडतो तसे ते आले. "घ्या म्हणते ना! श्वास!"

आणि अप्पांनी घेतला. बारीकसा. मग जरा मोठा. मग आणखी मोठा.

त्यानंतर किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. श्वास चढायचा, उतरायचा, थांबायचा. थांबला की ती म्हणायची, "पुन्हा सुरू होतो," आणि तो व्हायचा. हाताला मुंग्या आल्या, कंबर मोडल्यासारखी झाली. तिच्या अंगात होतंच काय? पण जबडा तिने सोडला नाही. उशाच्या फटीतून पुन्हा शब्द आला नाही. फक्त मधूनमधून गार हवेचा एक झोत तिच्या मनगटाला लागत होता. अगदी नेमाने, जणू तिथे कुणी वाकून ऐकत होतं.

मग दारावर थापा पडल्या. ताई लवकर येणार म्हणून कडी तिने आधीच काढून ठेवली होती; अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आत आली. त्यांच्या मागोमाग ताई धावत वर आली. खालच्या मजल्यावरच्यांनी स्टूल ऐकून फोन केला असणार, असं बारकीला वाटलं. बारकीनेच केला असणार, असं ताईला वाटलं. त्या गडबडीत कुणी कुणाला विचारलं नाही.

*

अप्पा वाचले. छातीत कफ भरून हृदयावर ताण आला होता. डॉक्टरांनी सांगितलं की श्वास असा चढत-उतरत थांबतो त्याला चेन-स्टोक्स म्हणतात, ज्यांनी पहिल्यांदा तो टिपला त्या दोन डॉक्टरांच्या नावावरून. मॅडम म्हणाल्या, हे आपल्या अभ्यासात नाही, तुम्हाला कुणी सांगितलं? बारकी म्हणाली, अप्पांनी.

परीक्षा तिने दिली, आणि ती पास झाली. सासूबाईंनी शेजारपाजारी पानं दाखवत फिरून स्वतःच पास झाल्यासारखं मिरवून घेतलं. अप्पा घरी आल्यावरही बारकी बरेच महिने तिथे राहिली. पडदा तिने स्वतः काढून धुतला आणि पुन्हा लावलाच नाही. दुपारी ती मोठ्याने शब्द म्हणायची, कधी चुकायचीही. कुणी दुरुस्त करत नव्हतं. बोलणं शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या आणि हिवाळा सरता सरता अप्पांना दुसरा शब्द सापडला. बारकी निघाली की ते दाराकडे बघून म्हणायचे, "ये."

पुढे एका दवाखान्यात वॉर्डात मदतनीस म्हणून तिला कायमचं काम लागलं. तिथल्या पहिल्याच आठवड्यात, दुपारच्या चहाला ती मागच्या पायरीवर बसली होती. शेजारी अ‍ॅम्ब्युलन्सवाला बिडी विझवत होता. त्याने तिच्याकडे दोनदा निरखून बघितलं.

"तुम्ही त्याच ना? धुळीच्या वादळात, जिन्याच्या टोकाचं घर? म्हातारबाबा होते."

"हो. वाचले ते. चांगले आहेत."

"वा. बरं वाटलं." तो मोकळं हसला. "लवकर कळवलंत म्हणून. फोन मीच घेतला होता. फोनवरच्या बाई कसल्या शांत बोलत होत्या हो. पत्ता, मजला, पेशंटला काय होतंय, सगळं घडाघडा. मोठ्या सिस्टर होत्या का कुणी?"

बारकीने कप गुडघ्यावर टेकवला. "काय म्हणाल्या त्या?"

"दोन पेशंट आहेत म्हणाल्या. म्हणून तर मी जास्तीचं स्ट्रेचर घेतलं होतं. एक म्हातारे, आणि एक त्यांची मदतनीस, बारीक अंगाची. वर येऊन बघतो तर तुम्ही धडधाकट उभ्या. म्हटलं, घाईत काहीतरी चुकलं असेल."

"मदतनिसाला काय झालंय, ते विचारलं नाहीत?"

"विचारलं ना." त्याचं हसू जरा ओसरलं. "त्याचंच नवल वाटलं होतं मला. म्हणाल्या… तिला अजून शब्द दिलेला नाही."

आत वॉर्डात कुणीतरी पाण्यासाठी हाक मारली. बारकीने उरलेला चहा एका घोटात संपवला, कप विसळून पालथा घातला.

"देऊ दे," ती म्हणाली, आणि आत गेली.